डावी खिडकी, उजवी खिडकी

१९९९ च्या ऑगस्टमध्ये एम. एस. करायला मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत गेले. पहिल्याच आठवड्यात संगणक केंद्राच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवल्यावर एक खातं मिळालं: ईमेल, १० एमबी जागा आणि एक छापील कागद. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं की तुम्हाला स्वतःचं वेबपान ठेवायचं असेल तर ते या पत्त्यावर दिसेल. युनिव्हर्सिटीचं नाव, तिरकी रेघ, मग टिल्ड म्हणतात ती नागमोडी खूण आणि तिला चिकटून आपलं लॉगिन. लॉगिन जास्तीत जास्त आठ अक्षरांचं, ही युनिव्हर्सिटीची मोठी मशीनं ज्या युनिक्स प्रणालीवर चालत तिची जुनी रीत. आपल्याकडच्या आडनावांचा त्यात पार चुराडा होई. माझं आडनाव मधेच एका व्यंजनावर येऊन थांबलं आणि पदवी मिळेपर्यंत तेच माझं नाव झालं.

पान हवं होतं ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे बायोडेटा. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या अर्जात वेबपानाचा पत्ता असला की बरं दिसतं, असं सगळे सीनियर सांगत. दुसरं म्हणजे गावातली मराठी मंडळी. रीतसर मंडळ वगैरे नव्हतं, पण गणपती-दिवाळीला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये दहाबारा घरं जमत. त्यातल्या एका काकूंनी मला बघितल्या बघितल्या फर्मान काढलं, "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? मग आपल्या दिवाळीचं जरा नेटवर टाक की." मी सिव्हिलची होते. पण भारतातून आलेली पोरं म्हणजे सगळी कॉम्प्युटरवाली, हा काकूंचा हिशेब, आणि तो फारसा चुकतही नसे.

जिओसिटीजवर तेव्हा फुकट जागा मिळायची आणि ब्राउझरमधूनच पान चढवता यायचं. पण तिथे आपल्या पानाबरोबर त्यांच्या जाहिराती यायच्या. युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर जाहिरात नव्हती, शिवाय त्या पत्त्याला एक वजन होतं.

पान लिहिण्यात फार काही नव्हतं. कुणाचं तरी बरं दिसणारं पान उघडायचं, 'व्ह्यू सोर्स' करायचं, खुणा बघायच्या आणि नोटपॅडमध्ये आपला मजकूर घालायचा. नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' द्यायचं, कारण पत्त्यात फाईलचं नाव नसलं तर सर्व्हर त्याच नावाची फाईल शोधतो. खरं काम सुरू होई ते यानंतर.

एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फायली पाठवायच्या पद्धतीला एफटीपी म्हणतात. लॅबमधल्या प्रत्येक विंडोज मशीनवर त्यासाठी डब्ल्यूएस एफटीपी एलई नावाचं सॉफ्टवेअर होतं. विद्यार्थ्यांना ते फुकट होतं. मॅकवाले फेच वापरत. ते डार्टमथ कॉलेजात तयार झालेलं, आणि त्याच्या चिन्हावर कुत्रं होतं. आमच्या सॉफ्टवेअरला असलं काही गोड नव्हतं. उघडलं की एक चौकट येई, तिच्यात सर्व्हरचं नाव, लॉगिन आणि पासवर्ड भरायचा. मग पडदा उभा दुभंगलेला: डावीकडे हे समोरचं मशीन, उजवीकडे ते लांबचं युनिक्स. मध्ये दोन बाणांची बटणं. डावीकडची फाईल निवडून उजवीकडे रोखलेला बाण दाबला की फाईल चढली, उलटा बाण दाबला की उतरली. खाली अॅस्की, बायनरी आणि ऑटो असे तीन पर्याय, आणि अगदी तळाला सरकत जाणाऱ्या ओळी.

त्या ओळींकडे बहुतेक जण ढुंकून बघत नसत. मला मात्र त्याच आवडल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन आकडे. २२० म्हणजे सर्व्हर बोलायला तयार, ३३१ म्हणजे नाव पोचलं आता पासवर्ड द्या, २३० म्हणजे आत आलात, २२६ म्हणजे फाईल पोचली. ५३० आलं तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय, ५५० आलं तर फाईल तरी नाही किंवा परवानगी तरी नाही. पुढे मी त्याच लॅबमध्ये मदतीच्या टेबलावर तासावर काम केलं. तेव्हा "चालत नाहीये" म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच विचारी की खाली कुठला आकडा दिसतोय. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यावरच व्हायचं.

उजवीकडे आधी 'पब्लिक अंडरस्कोर एचटीएमएल' नावाचं फोल्डर करायचं होतं. पत्त्यात टिल्डच्या पुढे लॉगिन दिसलं की वेबपानं पुरवणारा अपाची सर्व्हर त्या माणसाच्या घरच्या फोल्डरात जातो आणि नेमकं याच नावाचं फोल्डर शोधतो. मी फोल्डर केलं, फाईल चढवली, २२६ आलं. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर '४०३ फॉरबिडन'.

फाईल उजव्या खिडकीत ढळढळीत दिसत होती, तरी मनाई. कारण खातं उघडताना घरचं फोल्डर मालकाशिवाय सगळ्यांना बंद ठेवलेलं असे. ते योग्यच होतं, आत लोकांची पत्रं आणि असाइनमेंटं असत. पण वेब सर्व्हर तरी तुमच्या घरात कोण म्हणून शिरणार? तो त्या मशीनवर 'नोबडी' नावाने वावरायचा आणि नोबडीला आत सोडायचं की नाही हे मालकाने ठरवायचं. त्यासाठी उजवीकडच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबून 'सीएचमॉड' निवडायचं. मालक, गट आणि इतर असे तीन रकाने, प्रत्येकात वाचणं, लिहिणं आणि चालवणं यांच्या चौकोनात खुणा करायच्या. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. मालकाला सगळं म्हणजे ७, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं म्हणजे ५, म्हणून पब्लिक एचटीएमएलला ७५५. आतल्या फायलींना ६४४. आणि घरच्या फोल्डरला ७११.

हा शेवटचा आकडा लोकांना कधीच कळत नसे. फोल्डर 'चालवायचं' म्हणजे काय करायचं? मला तो पुण्यातल्या जुन्या वाड्यामुळे कळला. मागच्या बिऱ्हाडाकडे जायचं तर पुढच्या चौकातून जावंच लागतं. जाणाऱ्याला कुणी अडवत नाही, पण म्हणून खोल्यांत डोकावून कोण कोण राहतं ते बघायचं नसतं. फोल्डरवरचा तो १ म्हणजे चौकातून जाण्याची मुभा. ४ दिला तरच आतल्या नावांची यादी बघता येते. टेबलावर मी मराठी पोरांना हे सांगितलं की काम व्हायचं. बाकीच्यांना कागदावर चौकोन काढून दाखवावे लागत. काही जण वैतागून सगळ्याला ७७७ ठोकून मोकळे होत. पान लगेच दिसे, आणि त्या सर्व्हरवर खातं असलेला कुणीही ऐरागैरा त्यात हवं ते लिहू शके.

या सगळ्या उद्योगातून मला एक गोष्ट पक्की कळली. वेबपान म्हणजे कुठल्या तरी खोलीतल्या कुठल्या तरी मशीनवरची फाईल, तिला मालक असतो, जागा असते आणि दाराला कडी असते. आणि पान डाव्या खिडकीत उत्तम दिसून उजवीकडून बघताना बिघडलं, तर बहुतेक वेळा कारण एकच असे: दोन्हीकडच्या रीती वेगळ्या.

काकूंच्या दिवाळीच्या फोटोंचंच बघा. विभागातला सोनी मॅव्हिका कॅमेरा एका मित्राने मागून आणला होता. तो फोटो थेट साडेतीन इंची फ्लॉपीवर टिपायचा. फ्लॉपी लॅबमध्ये घातली की विंडोज ९८ च्या यादीत नाव दिसे पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान असं. डिस्कवर प्रत्यक्षात सगळं नाव मोठ्या लिपीत. पानात माणूस साहजिकच सगळं लहान लिपीत लिहितो. विंडोजला तिन्ही सारखीच, त्यामुळे डाव्या खिडकीतलं पान फोटोंसकट झकास. युनिक्सला मात्र ती तीन वेगवेगळी नावं. उजवीकडून बघितलं की फोटोंच्या जागी तुटक्या चौकटी. त्यानंतर मी चढवण्याआधी सगळी नावं लहान लिपीत, मधे जागा न सोडता करून घ्यायला लागले. ती खोड अजून आहे.

दुसरी भानगड अॅस्की आणि बायनरीची. अॅस्की म्हणजे फाईल मजकूर समजून पाठवायची, बायनरी म्हणजे जशीच्या तशी. विंडोजमध्ये ओळ संपते तेव्हा दोन अदृश्य खुणा पडतात, १३ आणि १० क्रमांकाच्या. युनिक्सला १० एकटीच पुरते. अॅस्कीत चढवलं की पलीकडचा सर्व्हर १३ गाळून टाकतो. मजकुराला ते ठीक. पण फोटोतही १३ आणि १० शेजारी शेजारी येतात आणि तिथे तो रंगांचा हिशेब असतो. तोही गाळला की फोटोचा काला. ओळखायची खूण अगदी सोपी होती: दोन्ही खिडक्यांतले फाईलचे आकार ताडून बघायचे. उजवीकडे फोटो थोडासा लहान दिसला की समजायचं. उलट गडबड पर्ल या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची व्हायची. पाहुण्यांची संख्या मोजणारी छोटी पर्ल स्क्रिप्ट बायनरीत चढवली की पहिल्या ओळीच्या शेवटी १३ तसाच राही. युनिक्स त्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसे आणि पानावर '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' येई. टेबलावर रडकुंडीला येऊन बसलेली माणसं बहुधा या जातीची असत.

आता मराठीचं. १९९९ मध्ये मराठीत पान लिहायचं म्हणजे 'शिवाजी'सारखा फॉन्ट घ्यायचा. या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवली जायची, फक्त प्रत्येक अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला. ज्याच्या मशीनवर फॉन्ट आहे त्याला 'दिवाळी' दिसायचं, नाही त्याला इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा गोंधळ. मी फॉन्टची फाईलही सर्व्हरवर ठेवली आणि पानाच्या डोक्यावर इंग्रजीत सूचना लिहिली की आधी हे उतरवून घ्या. गावातल्या लोकांचं भागलं. सांगलीला बाबा सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसले, तर कॅफेवाला फॉन्ट टाकू देईना. फोनवर म्हणाले, "तुझं पान आलं गं, पण सगळं एक्स, वाय, झेड दिसतंय."

त्यावरचा उपाय काकूंनी दिला. त्यांनी निमंत्रण आपल्या हाताने काळ्या शाईत लिहून दिलं, "हे चिकटव, याला काय लागतं?" त्यांचं अक्षर बघण्यासारखं होतं. मी ते स्कॅन केलं, काळ्यापांढऱ्या दोनच रंगांत त्याचं जीआयएफ चित्र केलं, बायनरीत चढवलं. लहानशी फाईल. सांगलीतही दिसली, डीट्रॉइटलाही दिसली. पुढची दोन्ही निमंत्रणं तशीच गेली आणि काकूंना फॉन्टचं महत्त्व कधीच पटलं नाही.

अपार्टमेंटमधून काम करायचं तर मॉडेम होता, नावाला ५६के. तो वेग उतरवण्याचा. चढवताना तो ३३.६ च्या वर जात नसे. एक फोटो चढेपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. पुढे आम्ही चौघी रूममेटनी मिळून डीएसएल, म्हणजे फोनच्याच तारेवरचं वेगवान इंटरनेट घेतलं, राउटर लावला, आणि एफटीपी अजबच वागायला लागलं. लॉगिन होई, २३० दिसे, आणि उजव्या खिडकीत यादी येतच नसे. घड्याळ फिरतंय ते फिरतंय.

एफटीपीत दोन जोडण्या असतात. २१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या २१ नंबरच्या दारावर, नुसतं बोलणं चालतं. यादी किंवा फाईल द्यायची झाली की सर्व्हर आपल्या २० नंबरवरून तुमच्या मशीनशी वेगळी जोडणी करायला येतो, तुम्ही सांगितलेल्या पत्त्यावर. आमच्या मशीनने सांगितलेला पत्ता राउटरच्या आतला, १९२.१६८ ने सुरू होणारा. बाहेरच्या जगात त्याला काही अर्थ नाही. सेटिंगमध्ये 'पॅसिव्ह' असा एक चौकोन होता. त्यात खूण केली की दुसरी जोडणीही आपणच करायची, सर्व्हर फक्त दार दाखवतो. यादी झटक्यात आली.

ही उलटी तऱ्हा कुणी काढली म्हणून मी तेव्हा चिडून लायब्ररीत शोधलं होतं. इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या कागदांना आरएफसी म्हणतात. एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मधला आहे आणि लिहिणारे अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. आम्ही वापरत होतो ते नियम पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांच्या १९८५ च्या आरएफसी ९५९ मधले. १९७१ च्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, मोजकी मशीन होती आणि कुठलंही मशीन कुठल्याही मशीनला सरळ हाक मारू शकत होतं. घराघरांत राउटर असेल आणि त्याच्या मागे चार मुली एका जोडणीवर बसतील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? माझा राग तिथेच गेला. कानपूरचा माणूस म्हणून जरा जास्तच लवकर गेला असेल.

जागेचा मात्र राग कायम राहिला. १० एमबीत पानं, असाइनमेंटं आणि पाईन या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये जपून ठेवलेली पत्रं सगळंच मोजलं जाई. मर्यादा ओलांडली की सर्व्हर नवी फाईल घेत नसे, पण त्याआधी त्याच नावाची जुनी फाईल रिकामी करून मोकळा झालेला असे. उजव्या खिडकीत आकार शून्य. सत्राच्या शेवटी, सगळ्यांचे प्रोजेक्ट चढत असताना, मदतीच्या टेबलावर शून्य आकाराच्या पानांचा पूर यायचा. त्यावर उपाय एकच: आधी टेलनेटने, म्हणजे लांबच्या मशीनवर थेट आज्ञा टाइप करायच्या सोयीने, आत जाऊन 'कोटा' बघा, पाईनमधली पत्रं उडवा, मग चढवा. पत्रं उडवायला कुणी तयार नसे.

२००१ मध्ये नोटीस लागली की सत्र संपलं की टेलनेट आणि एफटीपी दोन्ही बंद. कारण साधं होतं. एफटीपीत पासवर्ड तारेवरून उघडाच जातो, जसा टाइप केला तसा. वसतिगृहाच्या एकाच जाळ्यावरच्या कुणालाही तो टिपता यायचा. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असाच पासवर्ड टिपण्याचा प्रकार झाल्यावर टाटू युलनेन यांनी १९९५ मध्ये सगळं बोलणं सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच लिहिलं, आणि आम्हाला आता त्याच्याच पोटातलं एसएफटीपी वापरायचं होतं. पोर्ट २२, एकच जोडणी, सगळं कुलुपबंद. मी त्यासाठीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. पुन्हा तशाच दोन खिडक्या, पण पॅसिव्हची कटकट नाही. तरी टेबलावर आठवडाभर निषेध चालला. वयस्कर प्राध्यापक तर जुनं सॉफ्टवेअर उघडून पुनःपुन्हा जोडत राहिले आणि सर्व्हर पडलाय म्हणून तक्रार करत राहिले.

त्याच सुमारास लॅबमध्ये विंडोज २००० आलं. त्यात मंगल हा देवनागरी फॉन्ट आधीपासूनच होता आणि नोटपॅडमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, फाईल ठेवता येत होती. मी दिवाळीचं पान खऱ्या देवनागरीत लिहिलं, चढवलं, आणि पडद्यावर युरोपी स्वरचिन्हांची जत्रा. पानात यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची एक रीत, असं लिहिलं होतं. पण सर्व्हर पान पाठवताना सोबत स्वतःचं टिपण जोडतो, आणि आमचा सर्व्हर त्यात सगळीच पानं पश्चिम युरोपीय लिपीत आहेत असं कळवत होता. दोघांत मतभेद झाला की ब्राउझर सर्व्हरचं ऐकतो. उपाय म्हणजे आपल्या फोल्डरात टिंबाने सुरू होणारी एचटीअॅक्सेस नावाची फाईल ठेवायची आणि तिच्यात एका ओळीत यूटीएफ-८ सांगायचं. गंमत म्हणजे टिंबाने सुरू होणारी नावं युनिक्स यादीत दाखवत नाही, त्यामुळे फाईल चढवली आणि उजवीकडून गायब. दिसली नाही तरी काम करत होती. काकूंना फोन केला. त्यांनी पान बघून विचारलं, "माझं अक्षर का काढलंस?" मग वर त्यांचं जीआयएफ ठेवलं आणि खाली युनिकोड.

पदवी झाल्यावर खातं काही महिन्यांनी बंद होणार असं पत्र आलं. पत्ता पुढे वळवून मिळणार नव्हता; मी विचारलं होतं. सगळं पब्लिक एचटीएमएल एकदम निवडून उजवीकडून डावीकडे उतरवलं, दोन सीडींवर घातलं, आणि ज्यांनी माझ्या पानाला दुवे दिले होते त्यांना नवा पत्ता कळवला. सॉफ्टवेअरने प्रत्येक फोल्डरात टाकलेल्या नोंदीच्या फायलीही सोबत आल्या. कुठली फाईल कधी आणि कुठून कुठे गेली हे सगळं त्यांत आहे.

सीडी अजून वाचता येतात. जीआयएफ उघडतात, युनिकोडचं पान उघडतं, फोटो मॅव्हिकाच्या ६४० बाय ४८० मापात बारीक दिसतात. 'शिवाजी'तली १९९९ ची पानं मात्र आजच्या ब्राउझरमध्ये बाबांना दिसली होती तशीच दिसतात. फॉन्टची फाईल फोल्डरात होती म्हणून निदान काय लिहिलंय ते कळतं. त्यातला मजकूर मी सवडीने युनिकोडमध्ये करतेय. साधी अक्षरं रूपांतर करणारा प्रोग्रॅम नीट बदलतो. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तो चुकीच्या अक्षरावर टाकतो, तेवढे हाताने बसवावे लागतात. फराळाची यादी झाली आहे, नाटुकल्याची पात्रयादी राहिली आहे.